धनंजयराव गाडगीळ : संशोधनाचा पैसा आणि म्हातारपणाची मोजदाद

पुणे-नगर रस्ता सोडून पारनेर तालुक्यात शिरले की राळेगणसिद्धी लागते. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले, स्वतःजवळचे पैसे यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीत घातले आणि पुढे पाणलोटाच्या कामाने गावाचे रूप पालटले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. या गावाने अभ्यासकही खूप पाहिले. नालाबांध, पाझर तलाव, विहिरींची पातळी, पिकांची फेरपालट यांवर पाहण्या झाल्या आणि अहवाल निघाले. अशा कोरडवाहू मुलखातल्या कुठल्याही गावात आणखी एक गोष्ट मोजण्यासारखी असते. मुले पुण्या-मुंबईकडे गेल्यावर मागे उरलेली साठी-सत्तरीची माणसे कशी जगतात, कशावर जगतात, दुखण्यात त्यांचे कोण करते? बंधाऱ्यापासून किती एकर भिजले हे पाहण्यासाठी निधी मागणे तुलनेने सोपे आहे. म्हातारपणाच्या अभ्यासासाठी मागणे अवघड, कारण त्या अभ्यासाच्या शेवटी दाखवण्यासारखे हिरवे शेत नसते.

संशोधनासाठी पैसा कोणाकडे मागावा, कोणत्या अटींवर घ्यावा आणि घेतल्यावर आपली मान ताठ कशी ठेवावी, याचा धडा महाराष्ट्रात ज्यांनी प्रत्यक्ष संस्था चालवून घालून दिला, त्यांत धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे. अर्थशास्त्रज्ञ, सहकाराचे पुरस्कर्ते, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष आणि राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याच्या सूत्राचे जनक म्हणून ते लोकांच्या स्मरणात आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यातील तब्बल ३६ वर्षे एका संशोधन संस्थेचा संसार चालवण्यात गेली, आणि या संसाराची कहाणी आता फारशी कोणी सांगत नाही.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. त्या काळच्या जनगणनांवरून काढलेले भारतीयांचे सरासरी आयुर्मान तेवीस-चोवीस वर्षांच्या घरात होते. याचा अर्थ माणसे चोविसाव्या वर्षी मरत असा नव्हे. अर्भके आणि लहान मुले इतक्या मोठ्या संख्येने दगावत की सरासरी तेथवर घसरे. ज्यांनी बालपण ओलांडले त्यांतले काही जण साठी-सत्तरी गाठत. पण ते घराघरांत विखुरलेले होते. आजी-आजोबा ही कुटुंबाची बाब होती, आकडेशास्त्राची नव्हती.

नागपुरात शालेय शिक्षण झाल्यावर धनंजयराव केंब्रिजला गेले. तेथे सादर केलेला त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील हे पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांतून, अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वाचले. तेविसाव्या वर्षी असा ग्रंथ नावावर असलेल्या तरुणाला सरकारी नोकरीची पायरी चढणे कठीण नव्हते. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी काही काळ कामही केले. पण ते तेथे रमले नाहीत. १९२५ मध्ये सुरतच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले आणि पाच वर्षे ते सांभाळले.

१९३० मध्ये पुण्यात एक वेगळीच संधी समोर आली. साताऱ्याचे वकील रावबहादूर आर. आर. काळे यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या संशोधनासाठी भारत सेवक समाजाला कायमनिधी देऊ केला. समाज गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापलेला. तेव्हा नव्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे पहिले संचालक म्हणून २९ वर्षांचे गाडगीळ पुण्यात आले ते १९६६ पर्यंत त्याच खुर्चीवर राहिले.

काळ्यांची देणगी ही त्या काळात अपवादात्मक होती. मराठी मुलखात दान नवे नव्हते. धर्मशाळा, घाट, पाणपोया, विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांसाठी हात सैल सुटत. पण समाजाची पाहणी करण्यासाठी, म्हणजे दारोदार हिंडून प्रश्न विचारण्यासाठी आणि त्यांची उत्तरे तक्त्यात मांडण्यासाठी पैसे द्यावेत, ही कल्पना देणाऱ्यालाही नवी आणि घेणाऱ्यालाही. शिवाय कायमनिधीच्या व्याजावर संस्थेचा दिवा तेवत राहतो, तिचे ग्रंथालय वाढते. परंतु पाहणी नावाची गोष्ट फार खर्चिक असते. पाहणीकारांचे पगार, गावोगावचा प्रवास, छापील पत्रके, ती परत आल्यावर हाताने होणारी वर्गवारी, आणि शेवटी छपाई. यातले काहीही टाळता येत नाही. तेव्हा प्रत्येक मोठ्या पाहणीसाठी कोणाचा तरी दरवाजा ठोठावणे आलेच.

गाडगिळांनी सुरुवात लहान विषयांपासून केली. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, दलालाच्या हाती किती राहते आणि बागाईतदाराच्या पदरी किती पडते, याची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची. मग वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची. आज हे विषय किरकोळ वाटतील. पण अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथांतले सिद्धान्त, अशी समजूत असण्याच्या काळात एक केंब्रिजचा पदवीधर संत्र्या-मोसंब्यांच्या टोपल्या मोजायला बसतो, ही घटना साधी नव्हती. देणगीदाराला दाखवण्यासाठीही अशा कामाचा उपयोग होत असणार: एवढ्या पैशांत एवढे काम झाले आणि हे त्याचे छापील पुस्तक.

पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे त्या पर्वातले सर्वांत मोठे काम. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये बाहेर आला. घरात माणसे किती, कमावणारे किती, खोल्या किती, कर्ज किती, स्थलांतर कोठून झाले, असा हा शहराचा तपशीलवार ताळेबंद होता. १९५६ मध्ये नी. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी प्रसिद्ध केली. एकच जागा पुन्हा पुन्हा मोजल्याशिवाय बदल कळत नाही, हे तत्त्व गोखले संस्थेने फार लवकर ओळखले. म्हातारपणाच्या आजच्या संशोधनाचा पायाही हाच आहे. त्याच माणसाकडे काही वर्षांनी पुन्हा जायचे आणि त्याची चाल, स्मरण, मिळकत, सोबत यांत काय फरक पडला ते पाहायचे. एकदाच जाण्यासाठी पैसे देणारे मिळतात. दहा वर्षे पुन्हा पुन्हा जाण्यासाठी पैसे मागितले की समोरच्याचा चेहरा बदलतो.

अशा पाहण्यांतली एक अडचण येथे सांगितली पाहिजे. वय विचारणे हा त्यातला सर्वांत अवघड प्रश्न. जन्मनोंद नाही, शाळेचा दाखला नाही, आणि वय सांगायचे तर पन्नास, साठ, सत्तर असे शून्यावर येऊन थांबायचे, ही सार्वत्रिक सवय. आपल्याकडच्या जनगणनांत शून्य आणि पाच या अंकांवर माणसांचे ढीग साचलेले दिसतात ते त्यामुळे. मग पाहणीकार आडवाटेने जातो. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, तुम्ही केवढे होता? १८९७ चा पुण्याचा प्लेग आठवतो का? १९१८ च्या मानमोडीच्या साथीत लग्न झाले होते का? दुष्काळ आणि साथी यांच्या खुंट्यांवर आयुष्ये टांगून त्यांचे वय ठरवायचे. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चूक सर्वांत मोठी, आणि त्यांच्याविषयीचे संशोधन नेमके त्या चुकीवर उभे राहणार. ती चूक आटोक्यात आणायची तर पाहणीकार चांगला शिकलेला हवा आणि त्याला एका घरात तास-दीड तास बसण्याची मोकळीक हवी. पुन्हा पैशाचा प्रश्न आला.

नगर जिल्ह्याशी गाडगिळांचे नाते याच पाहण्यांतून जुळले. दारणा धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे वाहू लागले होते. सरकारच्या दृष्टीने कालव्याचा हिशेब सोपा होता. पाणीपट्टी किती जमली आणि बांधकामाचे व्याज निघाले का? गाडगिळांनी प्रश्न बदलला. पाणीपट्टीच्या पलीकडे शेतकऱ्याला, मजुराला, गाडीवानाला, गूळव्यापाऱ्याला, रेल्वेला काय मिळाले? कालव्याखालची गावे आणि कोरडी गावे यांची तुलना करून त्यांनी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा हिशेब मांडला. तो अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्यांच्या अर्थशास्त्रात आजही त्याचा उल्लेख होतो.

या अभ्यासाने संशोधकाला स्वस्थ बसू दिले नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकत होता, पण साखरेचा नफा खासगी कंपन्यांकडे जात होता आणि गुळाचे भाव कोसळले की शेतकरी कर्जात बुडत होता. १९४५ मध्ये बागाईतदारांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना गाडगिळांनी शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी कारखाने काढावेत, हा विचार मांडला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो उचलला. गावोगाव फिरून, पाच-पन्नास रुपयांनी भागभांडवल जमवून विखे पाटलांनी जे उभे केले त्याला गाडगिळांनी आपले नाव, आकडेमोड आणि सरकारदरबारची पत दिली. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते. सरकारने भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्यात पहिले गाळप सुरू झाले. कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील.

ज्या भागाची तटस्थ पाहणी आपण केली त्याच भागातल्या कारखान्याचे अध्यक्षपद घ्यावे का, असा प्रश्न आजचा एखादा काटेकोर अभ्यासक विचारील. प्रश्न गैर नाही. पण गाडगिळांच्या पिढीला संशोधन आणि सार्वजनिक काम यांच्यामध्ये भिंत दिसत नव्हती. त्याच काळात शंकरराव देवांसमवेत ते संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचीही मांडणी करत होते. सहकाराच्या या रोपट्याचे पुढे सत्तेच्या वटवृक्षात रूपांतर होईल आणि त्याच्या सावलीत अनेकांचे राजकारण पोसले जाईल, हे मात्र त्यांच्या हिशेबात नसावे. दुसरी त्रुटी भूगोलाची होती. प्रवरेच्या काठी जे शक्य झाले ते नगर जिल्ह्याच्या दक्षिणेत, पारनेरसारख्या तालुक्यात शक्य नव्हते. तेथे कालवाच नव्हता. राळेगणला पावसाचे पाणी अडवण्याची वेळ गाडगिळांच्या मृत्यूनंतर आली. आज जो अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो त्या जिल्ह्याचे हे दोन अर्धे भाग म्हातारपणाच्या बाबतीतही सारखे असण्याची शक्यता कमीच. बागाईत असलेल्या घरात वडिलांच्या नावावरची जमीन त्यांना मान मिळवून देते. कोरडवाहू जमिनीचे तसे नसते.

आता पुन्हा संस्थेच्या संसाराकडे. स्वातंत्र्यानंतर देशात नियोजन सुरू झाले आणि आकड्यांची भूक एकदम वाढली. केंद्र सरकारने शेतीविषयक संशोधनासाठी १९५४ मध्ये गोखले संस्थेत कृषि-आर्थिक संशोधन केंद्र दिले. त्याच दशकांत रॉकफेलर आणि फोर्ड या अमेरिकी प्रतिष्ठानांचे साहाय्यही संस्थेकडे आले. मुंबईत टाटांच्या न्यासांनी हा रस्ता आधीच रुळवला होता. सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. होमी भाभांनी १९४४ च्या मार्चमध्ये त्याच न्यासाला पत्र लिहून मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी संस्था मागितली आणि पुढच्याच वर्षी ती उभी राहिली. भाभांचे ते पत्र या देशातील सर्वांत फलदायी अनुदान-अर्ज ठरावे. पण अणुविज्ञानाचे आकर्षण वेगळे आणि घरोघर पत्रके भरून घेण्याचे वेगळे.

परदेशी प्रतिष्ठानांना भारतात कोणत्या प्रश्नात रस होता? याचे उत्तर एका शब्दात देता येते: जन्म. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी अमेरिकेत तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर यांनी लोकसंख्या परिषद स्थापन केली. गरीब देशांत माणसे फार वेगाने वाढत आहेत, या चिंतेने पश्चिमेकडच्या दात्यांना घेरले होते. गोखले संस्थेतही या विषयावर भरीव काम झाले. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जननप्रमाण व मृत्युप्रमाण यांची पाहणी १९५३ मध्ये, तर सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा जिल्ह्यांतील जननप्रमाणाची पाहणी १९५५ मध्ये आली. किती मुले झाली, किती जगली, किती अंतराने झाली, हे खेड्यापाड्यांत बायकांना विचारून घेतलेले उत्तर पहिल्यांदाच शास्त्रीय रीतीने मांडले गेले.

गंमत अशी की नेमक्या याच सुमारास श्रीमंत देशांतील प्रतिष्ठाने स्वतःच्या देशांत म्हातारपणावर पैसा खर्च करू लागली होती. अमेरिकेत मेसी प्रतिष्ठानाने १९३० च्या दशकातच या विषयाला हात घातला आणि १९३९ मध्ये एडमंड काउड्री यांनी संपादित केलेला वार्धक्याच्या समस्यांवरचा मोठा ग्रंथ त्यातून निघाला. इंग्लंडमध्ये मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफिल्ड यांनी १९४३ मध्ये प्रतिष्ठान स्थापले. त्या प्रतिष्ठानाने सीबोम राउंट्री यांच्या अध्यक्षतेखाली वृद्धांच्या स्थितीची पाहणी करवली; तिचा अहवाल १९४७ मध्ये आला. रशिया सोडून इंग्लंडला आलेले शास्त्रज्ञ व्लादिमिर कोरेन्चेव्स्की दारोदार फिरून वार्धक्यशास्त्राची बाजू मांडत होते. त्यांना ऑक्सफर्डमध्ये प्रयोगशाळा मिळाली तीही नफिल्डच्या पैशातून. त्यांच्यासाठी प्रश्न वृद्धांचा होता, आपल्यासाठी त्यांनी प्रश्न ठरवला तो अर्भकांचा.

यात दात्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. १९५१ च्या जनगणनेवरून भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास निघत होते. साठीच्या पुढची माणसे शंभरात पाच-सहा. ज्या देशात पाळण्यातले मूल वाचत नाही तेथे आजोबांच्या गुडघ्यांवर संशोधन करा, असा अर्ज गाडगिळांनीही बहुधा केला नसता. पुण्यात १९५८ मध्ये महर्षी कर्व्यांची शताब्दी साजरी झाली, तेव्हा शंभर वर्षांचा माणूस डोळ्यांनी पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. दीर्घायुष्य ही त्या समाजाच्या लेखी पुण्याईची गोष्ट होती. तरीही एक बारकावा उरतोच. मृत्युप्रमाण घटू लागले की काही दशकांनी म्हातारी माणसे वाढणार, हे गणित जननप्रमाणाच्या त्याच तक्त्यांत दडलेले होते. जो पाहणीकार खेड्यात जाऊन आईला मुलांची संख्या विचारत होता, त्याच घराच्या ओसरीवर सासू बसलेली असे. तिलाही दहा प्रश्न विचारले असते तर आज आपल्यापाशी सत्तर वर्षांचा पट असता. पण पत्रकात तो रकाना नव्हता. आणि कशासाठी रकाना ठेवायचा, हे पैसा कोणत्या कामासाठी आला आहे त्यावरून ठरते.

हा रकाना भरण्याचे काम गाडगिळांच्या मृत्यूनंतर झाले. ते त्यांच्याच संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी केले, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्यांनी तारुण्यात महाराष्ट्रातल्या खेड्यांत जन्म मोजले, त्यांनीच उत्तरायुष्यात महाराष्ट्रातील वृद्धांकडे मोर्चा वळवला. वृद्धांचे प्रश्न आणि समाजाने करायची मदत यांवरचा त्यांचा लेख १९९३ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत आला आणि १९९६ मध्ये भारतातील वृद्धांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारचे वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण त्यानंतर, १९९९ मध्ये आले.

मुंबईच्या देवनारचीही कथा अशीच आहे. १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा न्यास, संयुक्त राष्ट्रसंघ आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने तेथे लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र निघाले. त्यामागे लोकसंख्यावाढीचीच चिंता होती. आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे सहकार्य तिला होते. पैसा भारताच्या आरोग्य मंत्रालयाचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीचा. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची योजना तिच्यात आहे. तोपर्यंत देशातील साठीपुढच्या लोकांची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळजवळ दहा होते.

गाडगिळांनी १९६६ मध्ये संस्था सोडली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. निवृत्तीचे वय उलटून गेले होते आणि विश्रांती घ्यायला कोणाची हरकत नव्हती. ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वर्षभरात दिल्लीचे बोलावणे आले आणि सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. दोन दुष्काळ, रुपयाचे अवमूल्यन आणि थांबलेली पंचवार्षिक योजना, अशा कठीण काळातले हे पद होते. राज्यांना केंद्राची मदत मर्जीने नव्हे, ठरलेल्या मापाने मिळावी म्हणून १९६९ मध्ये जे सूत्र स्वीकारले गेले त्याला त्यांचे नाव चिकटले. साठ टक्के वाटप लोकसंख्येवर. उरलेले चाळीस टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांच्यात सारखे वाटलेले. सूत्रात माणूस हा एक आकडा होता. तो दोन वर्षांचा आहे की ऐंशी वर्षांचा, याने फरक पडत नव्हता. केरळसारख्या राज्याने आयुर्मान वाढवले तर त्याच्या वृद्धांचा वाढता भार कोणी उचलायचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे अर्थ आयोगांपुढे तो आलाच. बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी, ही १९६९ ची शिफारसही गाडगीळ अभ्यासगटाची. अग्रणी बँक योजनेचे मूळ तेथे आहे.

दिल्लीतल्या त्या वर्षांतली एक घटना देणगी आणि स्वातंत्र्य यांच्या नात्यावर मोठा प्रकाश टाकते. गाडगीळ नियोजन आयोगात असतानाच पुण्यात त्यांचे उत्तराधिकारी वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास केला. पैसा फोर्ड प्रतिष्ठानाचा होता. जानेवारी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. किमान उष्मांक मिळण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे धरून त्यांनी दाखवले की ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरी भागातील सुमारे पन्नास टक्के लोक त्या पातळीखाली जगत होते. आणि नंतरच्या दशकात विकासाचा लाभ वरच्या थरांनाच अधिक मिळाला. म्हणजे गाडगीळ ज्या आयोगाच्या खुर्चीवर होते त्याच आयोगाच्या कामगिरीवर त्यांनीच घडवलेल्या संस्थेने बोट ठेवले होते. संस्थापक संचालक दिल्लीत उपाध्यक्ष आहेत म्हणून निष्कर्ष मवाळ झाले नाहीत. पैसा अमेरिकेतून आला म्हणून विषयही दात्याच्या सोयीचा निवडला गेला नाही. रोजगार पुरवून दारिद्र्य हटवावे, ही त्या अभ्यासाची मुख्य शिफारस. ज्यांचे हातपाय थकले आहेत त्यांचा प्रश्न रोजगाराने सुटणारा नव्हता. त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या योजना राज्यांत आणि केंद्रात नंतरच्या दशकांत निघाल्या.

१९७१ च्या निवडणुकीनंतर इंदिरा गांधींनी नियोजन आयोगाची फेररचना केली आणि गाडगीळ पदावरून दूर झाले. नुकतीच त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. सामानसुमान आवरून ते पुण्याला परत निघाले. गोखले संस्था, तिचे ग्रंथालय, विधि महाविद्यालय रस्त्यावरचे घर, टेकडी, सारे तेथे होते. ३ मे १९७१ रोजी त्या रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.